डायलला हात लावायचा नाही

जुनं स्विस घड्याळ माझ्याकडे येतं ते बहुतेक वेळा रुमालात गुंडाळलेलं. गाठ सोडता सोडता गिऱ्हाईक जे पहिलं वाक्य बोलतं ते जवळजवळ ठरलेलं असतं. “काका, एकदम नव्यासारखं करून द्या.” वसई गावात होळीच्या बाजारालगत माझं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तिथे बसून इतकी वर्षं हे वाक्य ऐकतोय, तरी त्यावर लगेच हो म्हणायला माझी जीभ वळत नाही. बंद पडलेलं घड्याळ चालू करणं आणि त्याची चाल नीट लावणं हे माझं काम. नव्यासारखं करायचं म्हणजे मात्र डायल रंगवायचा, केस घासून चकचकीत करायची, काटे बदलायचे. कुणाच्या तरी मनगटावर त्या घड्याळानं काढलेली पन्नास-साठ वर्षं पुसून टाकायची. ते मी करत नाही. का करत नाही, हे समजावण्यात माझा जितका वेळ जातो तितका मशीन उघडून धुण्यातही जात नाही.

होळीत सकाळी भाजीवाल्या, केळीवाले आणि मासळीवाल्यांची गडबड असते. बाजाराला आलेलं माणूस जाता जाता घड्याळाचा सेल बदलून घेतं, नवा पट्टा टाकून घेतं. दुकानाचं भाडं या सेल-पट्ट्यांवरच निघतं. चावीची घड्याळं येतात ती घरात काही घडलं की. घराला रंग काढला, वडील गेले, वाटणी झाली, लग्न ठरलं की कपाट रिकामं होतं आणि खालच्या कप्प्यातून एखादं घड्याळ वर येतं. फेवर-लुबा सगळ्यांत जास्त. मग वेस्ट एन्ड, रोमर, कॅमी, टिटोनी, टिसो. त्यानंतर ओमेगा आणि लाँजिन. रोलेक्स क्वचित, आणि खरी रोलेक्स त्याहून क्वचित.

ही एवढी स्विस घड्याळं वसईत आली कशी, असं तरुण संग्राहक मला हमखास विचारतात. उत्तर आपल्या रेल्वेत आणि आपल्या नोकऱ्यांत आहे. एचएमटीनं जपानच्या सिटिझनची मदत घेऊन बेंगळुरूत घड्याळाचा कारखाना काढला तो १९६१ साली. त्याआधी भारतात मनगटावर जे बांधलं जाई ते जवळपास सगळं परदेशी, आणि त्यातलं बरंचसं स्विस. वेस्ट एन्ड हे नाव १८८६ पासूनचं. स्वित्झर्लंडमध्ये बनणारं हे घड्याळ हिंदुस्थानचा बाजार डोळ्यांसमोर ठेवूनच बनत असे, आणि त्याची पेढी मुंबईत होती. फेवर-लुबाचं मूळ १७३७ पर्यंत मागे जातं. त्यांचाही हिंदुस्थानाशी व्यापार एकोणिसाव्या शतकातच सुरू झालेला. इकडे विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली १२ एप्रिल १८६७ रोजी, आणि वसई तिच्या थांब्यांत होतं. गाडी धरून मुंबईला कामाला जाणारा माणूस आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे. त्यात मुंबईची वेळ वेगळी होती. रेल्वे भारतीय प्रमाणवेळेवर चालू लागली तरी शहरानं आपला ‘मुंबई टाइम’ सोडला नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली ही वेळ मुंबईत १९५५ पर्यंत टिकून होती. दोन वेळा सांभाळून गाडी पकडणाऱ्याला भरवशाचं घड्याळ ही चैन वाटली नसणार.

पुढच्या पिढीनं बोटीवरच्या नोकऱ्या केल्या, आखात पाहिलं. तिकडून येणाऱ्या माणसाच्या मनगटावर राडोची डायस्टार दिसू लागली. १९६२ साली निघालेल्या या घड्याळाची केस टंगस्टन कार्बाइडची, इतकी कठीण की साध्या वापरानं तिच्यावर ओरखडा उठत नाही. माझ्याकडे येणाऱ्या डायस्टारची केस आजही आरशासारखी असते, आत मशीन मात्र सुकून बसलेलं. त्या काळात परदेशी घड्याळ जवळ बाळगणं हीदेखील जोखीम होती, हे आताच्या मुलांना सांगून पटत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं १२३ वं कलम त्यांनी वाचावं. सोन्याबरोबर घड्याळांचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. तस्करीचा माल म्हणून वाजवी संशयानं घड्याळ जप्त झालं तर ते तसलं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर. म्हणून जुन्या घरांत घड्याळापेक्षा त्याची पावती जास्त जपलेली सापडते. पिवळी पडलेली, चार घड्या घातलेली पावती कुणी सोबत आणली की मला फार आनंद होतो. संग्राहकाच्या दृष्टीनंही ती पावती म्हणजे घड्याळाचाच एक भाग.

आता आतल्या गोष्टीकडे येतो, कारण माझा जीव तिथे आहे.

मागचं झाकण काढून डोळ्याला आयग्लास लावला की पहिली काही मिनिटं मी कशालाच हात लावत नाही. नुसता बघतो. ओमेगाचं साठच्या दशकातलं मशीन तांब्याच्या झळाळीचं असतं. त्यावरचा मुलामा इतका टिकाऊ की बाहेर केसचा रंग उडालेला असला तरी आत कालच बसवल्यासारखं दिसतं. ओमेगाचं कॉन्स्टेलेशन हे घड्याळ १९५२ साली आलं. त्याच्या झाकणावर वेधशाळेचं चित्र आणि वर आठ तारे कोरलेले असतात. त्यातलं ५६१ नंबरचं मशीन मिळालं तर मी त्या दिवशी दुसरं काम बाजूला ठेवतो. २४ ज्वेल, ऑटोमॅटिक, तासाला १९,८०० ठोके. जुन्या बहुतेक घड्याळांचे ठोके तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला चार लाख बत्तीस हजार वेळा बॅलन्सचं चाक इकडून तिकडे जातं, आणि तरी चांगलं मशीन दिवसभरात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चुकत नाही. सेलवर चालणारं स्वस्त घड्याळ याहून अचूक चालतं, हे मला माहीत आहे. पण ही अचूकता पोलादाची एक गुंडाळलेली पट्टी, केसाइतकी बारीक स्प्रिंग आणि माणिकाचे कृत्रिम खडे एवढ्यावर माणसानं मिळवली. वीज लागली नाही.

फेवर-लुबाला आपल्याकडे लोक साधं समजतात, कारण ते घरोघरी होतं. ही समजूत मला खटकते. १९६० च्या दशकात याच कंपनीनं मनगटी घड्याळात उंचीमापक बसवून ‘बिव्हुअॅक’ काढलं आणि समुद्रात किती खोल गेलो हे दाखवणारं ‘बॅथी’ही. आपल्याकडे आलेल्या सी-चीफ, सी-किंग यांच्या काही मशीनमध्ये एकाऐवजी दोन बॅरल असतात, म्हणजे चावीची ताकद दोन डब्यांत वाटली जाते. त्यामुळे स्प्रिंग उतरत आली तरी चाल फारशी बदलत नाही आणि मशीन पातळ ठेवता येतं. हे दोन बॅरल पहिल्यांदा ज्याला मी आयग्लासमधून दाखवतो तो माणूस आजोबांच्या घड्याळाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. ज्याला खर्चिक ब्रँड परवडत नाहीत आणि ज्याला जुनी स्विस घड्याळं जमवायची आहेत, त्यानं फेवर-लुबापासून सुरुवात करावी. आपल्या मातीत ती भरपूर आहेत, आणि ती उघडून दाखवायला दुरुस्ती करणारेही अजून आहेत.

झाकणाच्या आतल्या बाजूला आणखी एक गोष्ट असते आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. जुने घड्याळजी काम केल्यावर तिथे टोचणीनं बारीक खूण कोरत. कुणी नावाचं पहिलं अक्षर, कुणी तारीख, कुणी आपल्या वहीतला नंबर. वसईतल्या घड्याळांच्या झाकणांत मला इंग्रजी खुणा सापडतात, गुजराती आकडे सापडतात, क्वचित देवनागरीही. एखाद्या झाकणात १९५८, १९६३, १९७१ अशी एकाखाली एक सालं असतात. म्हणजे पाच-आठ वर्षांनी हा माणूस नियमानं ऑइलिंग करून घेत होता. मग खुणा थांबतात. कधी त्या माणसानं अंथरूण धरलेलं असतं, कधी मुलानं क्वार्ट्झचं घड्याळ आणून दिलेलं असतं. सेइकोनं टोकियोत २५ डिसेंबर १९६९ ला पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या नव्वद हजारांच्या घरातल्या नोकऱ्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आल्या. आपल्याकडे तो धक्का १९८७ नंतर टायटन बाजारात आल्यावर जाणवला. मोठ्या शहरांतल्या कितीतरी घड्याळजींनी तेव्हा टेबलं आवरली. झाकणातल्या खुणा ज्या सालात थांबतात त्यावरून हा सगळा इतिहास मला वाचता येतो. मी स्वतः झाकणावर कोरत नाही. वहीत लिहितो आणि घड्याळासोबत एक चिठ्ठी देतो. काय बदललं, काय मूळ आहे, कुठलं तेल वापरलं, सगळं.

वसईच्या हवेबद्दल बोललं पाहिजे. किल्ल्याकडून, पाचूबंदराकडून येणारा वारा खारा असतो, पावसाळ्याचे चार महिने कपाटातले कपडेही दमट लागतात, आणि स्विस कारखान्यात १९६० साली बसवलेली रबराची रिंग आता वाळून तिचा भुगा झालेला असतो. झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ असं ठसठशीत लिहिलेलं असलं तरी त्या शब्दाला आज अर्थ उरलेला नाही. पाणी सगळ्यांत आधी चावीच्या दांडीपाशी शिरतं. तिथून गंज आत सरकत जातो. डायलवर आधी फिकट तपकिरी ठिपके येतात, मग लाखेचा थर सुटतो. क्रोमचा मुलामा असलेल्या केस घामानं खड्डे पडून चाळणीसारख्या होतात. पूर्ण स्टीलच्या केस मात्र टिकतात. म्हणून आपल्या किनाऱ्यावर जुनं घड्याळ घ्यायचं तर स्टीलच्या केसचं घ्यावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. कामाची पद्धत जुनीच आहे. मशीनचा भाग न् भाग सुटा करायचा, धुवायचा, वाळवायचा, प्रत्येक ज्वेलमधलं भोक आयग्लासखाली साफ आहे ना बघायचं, मग मोबियसचं तेल. बॅलन्सच्या टोकांना पातळ तेल, जोर पडणाऱ्या चाकांना जाड, स्प्रिंगला ग्रीस. तेल थेंबभरही जास्त झालं तरी पसरतं आणि दोन वर्षांत चिकट होतं. घाई करणारा कारागीर ओळखायचा तो इथेच.

रात्री चमकणाऱ्या काट्यांबद्दल मी सगळ्यांना आवर्जून सांगतो, कारण यात आरोग्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही रंगाला लोक रेडियम म्हणतात. जुन्या घड्याळांत ते खरोखरच रेडियम असतं. अमेरिकेत १९२० च्या दशकात हा रंग लावणाऱ्या मुली ब्रशाचं टोक ओठांनी सारखं करत आणि जबड्याच्या हाडांच्या रोगानं गेल्या, हे जगजाहीर आहे. साठच्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमनं घेतली. अशा डायलवर खाली ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ अक्षर असतं. ट्रिटियमचा जोर बारा-साडेबारा वर्षांत निम्मा होतो. रेडियमचा जोर निम्मा व्हायला सोळाशे वर्षं लागतात. काटे आता चमकत नाहीत म्हणजे रेडियम संपलं, असं गिऱ्हाइकाला वाटतं. प्रत्यक्षात जळून गेलेलं असतं ते रेडियमसोबत मिसळलेलं जस्ताचं संयुग, रेडियम तिथेच असतं. बंद केसमध्ये, काचेआड ते राहिलं तर घाबरण्याचं फारसं कारण नाही. पण डायल काढून कोरड्या कागदानं घासला की तीच भुकटी हवेत उडून छातीत जाते. डायल रंगवणाऱ्या छोट्या खोल्यांत, मास्कशिवाय, पंख्याखाली हे काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. गिऱ्हाइकाला नवा डायल हवा म्हणून एखादा मुलगा हे श्वासात घेतो. माझ्या नकारामागचं हे एक कारण आहे, आणि माझ्या मते हे एकच कारणही पुरेसं आहे.

दुसरं कारण बाजाराचं. परदेशातल्या संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे आणि तो कौतुकाचा नाही. जुनी स्विस किंवा जपानी केस, दुसऱ्याच घड्याळाचे काटे, तिसऱ्याचं मशीन आणि वर भडक निळा, लाल किंवा दोन रंगांचा ताजा डायल, अशी जोडलेली घड्याळं भारतातून मोठ्या प्रमाणावर बाहेर विकली गेली. त्यावरून हे नाव पडलं. कंपनीनं जो रंग कधी काढलाच नाही त्या रंगाचं सी-चीफ मी पाहिलं आहे. ओळखायला फार कठीण नसतं. रंगवलेल्या डायलवरची अक्षरं जरा जाड आणि कडेला फुटलेली असतात. सहाच्या आकड्याखालचं ‘स्विस मेड’ गायब असतं किंवा तिरकं असतं. मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एका ओळीत येत नाहीत. सेकंदाच्या छोट्या वर्तुळाचा मध्य काट्याच्या मध्याशी जुळत नाही. आणि डायल जर कोरा करकरीत, पण काटे मात्र काळवंडलेले, तर दोघांची आयुष्यं वेगळी आहेत हे उघडच आहे.

हे काम करणाऱ्या कारागिरांबद्दल मला वाईट बोलायचं नाही. हातानं इतकी बारीक अक्षरं उठवणं हे मोठं कसब आहे, आणि ज्या काळात त्यांनी ते शिकून घेतलं त्या काळात जुन्या डायलला कुणी किंमत देत नव्हतं. पावसानं डाग पडला, रंगवून घेतला, लग्नात मिरवलं, इतका तो सरळ व्यवहार होता. मालकानं मागितलं आणि मालकानंच वापरलं, त्यात फसवणूक कुणाची? माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. रंगवलेला डायल मूळ म्हणून विकला जातो तिथे. त्यातून विकत घेणारा तर फसतोच, पण आपल्या भागातली जी प्रामाणिक, न छेडलेली घड्याळं आहेत त्यांच्यावरही संशय बसतो. भारतातून आलेलं घड्याळ म्हटलं की बाहेरचा माणूस हात आखडता घेतो.

यावर बोलताना मी गिऱ्हाइकाला वसईच्याच घंटांची आठवण करून देतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला तेव्हा पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात आहे, एक भीमाशंकरला. घंटा देवळात टांगल्या गेल्या, पण त्यांच्यावरची मूळ खूण घासून काढली नाही. म्हणूनच त्या घंटा वसईच्या, ही गोष्ट आज आपल्याला अभिमानानं सांगता येते. हे ऐकल्यावर बऱ्याच जणांचा डायल रंगवण्याचा आग्रह थोडा मऊ होतो.

पैशाच्या बातम्यांनी मात्र काम अवघड केलं आहे. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमधल्या लिलावात अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना पावणेदोन कोटी डॉलर्सच्या वर गेलं. ही बातमी फिरल्यावर घरातल्या प्रत्येक जुन्या घड्याळाचे कोट्यवधी येतील असं लोकांना वाटायला लागलं. घरात सापडलेल्या कॅमीला किंवा रोमरला एखाद्या साध्या मोबाइलइतकीही किंमत येत नाही, हे सांगताना समोरचा चेहरा उतरतो. मला वाटतं त्या बातमीतला खरा मुद्दा कुणी पाहिलाच नाही. ते घड्याळ न्यूमनला त्याच्या बायकोनं, जोअॅन वुडवर्डनं दिलेलं. गाडीच्या शर्यतींचा त्याला नाद होता, म्हणून गाडी जपून चालव अशा अर्थाचे शब्द तिनं मागच्या झाकणावर कोरून घेतले होते. डायल मूळचा, झाकणावरचे शब्द मूळचे. कुणी ते ‘नव्यासारखं’ करून ठेवलं असतं तर लिलावात एवढी चढाओढ झाली असती का?

भारताशी जोडलेलं महागडं स्विस घड्याळ म्हणून संग्राहक रिव्हर्सोचं नाव घेतात. १९३० च्या सुमारास इथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. सेझार द त्रे या व्यापाऱ्यापर्यंत ती तक्रार पोहोचली आणि त्यातून डायल उलटा फिरवून लपवता येईल अशी केस तयार झाली. तिचं पेटंट १९३१ चं. असं घड्याळ मुंबईतला एखादा संग्राहक कधीमधी दाखवायला घेऊन येतो. मी बघतो, उलटसुलट फिरवतो, परत देतो. सुंदर वस्तू आहे. तरी वसईच्या बाजारात जन्म घालवलेल्या माणसाला एखाद्या रेल्वे कारकुनाचं वेस्ट एन्ड जास्त बोलकं वाटतं, आणि यात मला काही गैर दिसत नाही.

संग्राहकांचे प्रकार खूप. काहीजण मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर पहाटेपासून फिरतात. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत सुटे भाग शोधतात. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो. लाँजिनसारख्या कंपन्या मशीनवरचा नंबर कळवला तर आपल्या जुन्या वह्या बघून ते घड्याळ कधी, कुठल्या देशात पाठवलं ते सांगतात, ही गोष्ट मला विरारच्या एका तरुण संग्राहकानं सांगितली. त्याच्याकडच्या घड्याळांपेक्षा त्याच्या वह्या बघण्यासारख्या आहेत. कोणाकडून घेतलं, त्या घरात ते कोण वापरत होतं, कधी थांबलं, सगळं लिहिलेलं. दुसरे काही फक्त भाव विचारतात. घड्याळ तिजोरीत ठेवतात, चावीही देत नाहीत. तेल एका जागी सुकून जातं आणि विकायच्या वेळी ते चालत नाही. घड्याळ जमवायचं असेल तर महिन्यातून एकदा तरी चावी द्या, दिवसभर मनगटावर घाला. माझं त्यांना एवढंच सांगणं असतं.

सगळ्यांत कठीण काम वाटणीचं. मागे एका घरातलं कॉन्स्टेलेशन असंच आलं. वडील गेलेले, दोन भाऊ आणि एक बहीण तिघंही दुकानात. डायलवर दोनच्या आकड्याजवळ डागांचा पट्टा होता, काच धुरकट झालेली. थोरला म्हणाला, “काका, रंगवून घ्या, मग विकून टाकू, तिघांत वाटू.” धाकट्यानं मोबाइलवर परदेशातला भाव काढून ठेवला होता. बहीण काही बोलत नव्हती. मी झाकण उघडलं आणि मशीन तिघांना एकेक करून आयग्लासमधून दाखवलं. मग झाकणाच्या आतल्या खुणा वाचून दाखवल्या. शेवटची खूण १९८४ ची होती. बहीण तेव्हा बोलली. “ते साल माझ्या पहिल्या कम्युनियनचं. डॅडींनी त्या आधी हे दुरुस्त करून आणलं होतं. फोटोत आहे.”

मी त्यांना आकडेही सांगितले. डायल रंगवला तर जाणकार गिऱ्हाईक भाव पाडणार. तसाच ठेवला तर डाग असूनही भाव जास्त. ऑइलिंगचा, काचेचा आणि रबर रिंगचा खर्च एवढा. घरातल्याच कुणी ठेवून घ्यायचं असेल तर बाकीच्या दोघांना किती द्यावं लागेल याचा अंदाजही दिला. त्यांच्यात त्यावर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, ते माझं कामही नव्हतं. दोन आठवड्यांनी बहीण एकटी आली आणि घड्याळ माझ्या ताब्यात देऊन म्हणाली, “मी ठेवतेय. डायलला हात लावू नका.”

मशीन पूर्ण उघडलं. मेनस्प्रिंग थकलेली होती, ती बदलली. चावीच्या दांडीवर गंज होता, तो साफ केला. मूळ चावी झिजली होती, पण तिच्यावर ओमेगाचं चिन्ह शाबूत होतं म्हणून तीच ठेवली. काच मात्र बदलावी लागली. जुनी काच लहान पाकिटात घालून चिठ्ठीबरोबर दिली, कारण तिच्या आतल्या बाजूला बरोबर मध्यभागी ओमेगाचं बारीक चिन्ह होतं. नुसत्या डोळ्यानं ते दिसतही नाही. बॅलन्स लावून तीन दिवस वेगवेगळ्या बाजूंवर ठेवून बघितलं. डायल वर, डायल खाली, चावी खाली. शेवटी दिवसाला सात-आठ सेकंद पुढे पळत होतं. साठ वर्षांच्या मशीनला यापेक्षा जास्त मागू नये.

ती आता ते घालून लोकलनं चर्चगेटला नोकरीला जाते. पुरुषाचं घड्याळ तिच्या मनगटावर थोडं मोठं दिसतं, म्हणून पट्ट्याला दोन भोकं वाढवून दिली. दरवर्षी मे महिन्यात घेऊन ये, रिंग बघू, असं तिला सांगितलंय, आणि जून ते सप्टेंबर ते घालायचं नाही, घरात कोरड्या डब्यात ठेवून चावी देत राहायचं, हे तिच्याकडून कबूल करून घेतलंय. यंदा ती मे महिन्यात आली तेव्हा सोबत धाकट्या भावालाही घेऊन आली. त्याला एक फेवर-लुबा घ्यायचं होतं. कुठलं घ्यावं, डायल मूळचा कसा ओळखावा, हे त्याला विचारायचं होतं. माझ्याकडे दोन-तीन होती. सगळी त्याच्यासमोर उघडून ठेवली.